बारोलो: पिएमोंतेच्या टेकड्यांवरील रेड वाइनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारोलो म्हणजे नेमकी कोणती वाइन?

बारोलो ही इटलीच्या वायव्य भागातील पिएमोंते प्रांतात, आल्बा शहराच्या नैऋत्येला पसरलेल्या लांगे टेकड्यांमध्ये तयार होणारी रेड वाइन आहे. जेमतेम सातशे वस्तीच्या एका गावावरून तिला हे नाव मिळाले असले, तरी तिचे क्षेत्र अकरा गावांच्या हद्दीत पसरलेले आहे. त्यांपैकी बारोलो, कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि सेर्रालुंगा दाल्बा ही तीन गावे पूर्णपणे या क्षेत्रात येतात, तर ला मोर्रा, मोंफोर्ते दाल्बा, नोवेल्लो, वेर्दुनो, ग्रिंझाने कावूर, दियानो दाल्बा, केरास्को आणि रोद्दी या आठ गावांचा काही भागच त्यात मोडतो. सगळे द्राक्षमळे मिळून क्षेत्रफळ दोन हजार हेक्टरांहून थोडेसे अधिक भरते.

ही वाइन नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षांपासून करावी लागते आणि तिच्यात दुसऱ्या कोणत्याही द्राक्षाचा रस मिसळण्यास परवानगी नाही. मळा टेकडीच्या उतारावर असावा लागतो. दरीच्या तळाची सपाट जमीन आणि थेट उत्तरेकडे तोंड असलेले उतार नियमानेच वगळलेले आहेत. एका हेक्टरातून 8 टनांपेक्षा अधिक द्राक्षे घेता येत नाहीत. 1966 मध्ये बारोलोला नियंत्रित मूळस्थानाचा, म्हणजे डीओसीचा, दर्जा मिळाला आणि 1980 मध्ये इटलीतील सर्वोच्च अशा डीओसीजी वर्गात पहिल्या काही वाइन्सबरोबर तिचा समावेश झाला.

इतकी नामांकित वाइन पेल्यात अशी फिकी का दिसते?

बारोलोशी पहिली भेट झाली की बहुतेकांना हाच प्रश्न पडतो. उंची रेड वाइन म्हणजे गडद, जांभळट आणि अपारदर्शक, अशी समजूत मनात धरून पाहणाऱ्याला बारोलो पातळ आणि दुबळी वाटते, कारण पेला तिरका धरला तर तिच्यामागची अक्षरे वाचता येतात. तरुणपणी तिचा रंग माणकासारखा असतो. काही वर्षांतच तो डाळिंबी होतो आणि पुढे कडेने विटकरी, नारिंगी छटा उमटू लागतात.

याचे कारण द्राक्षाच्या सालीत आहे. रेड वाइनला रंग देणाऱ्या अँथोसायनिन या द्रव्यांचे अनेक प्रकार असतात. गडद वाइन देणाऱ्या बहुतेक जातींमध्ये त्यांतील टिकाऊ प्रकार प्रबळ असतो, तर नेब्बिओलोच्या सालीत मुख्यतः असे प्रकार असतात की जे रस आंबत असतानाच हवेतील ऑक्सिजनच्या संपर्काने लवकर नष्ट होतात. त्याच सालीत आणि बियांत तुरट टॅनिन मात्र भरपूर असते. त्यामुळे दिसायला नाजूक आणि जिभेवर कणखर अशी विसंगती या वाइनमध्ये निर्माण होते, आणि माझ्या मते तिच्या आकर्षणाचे मूळ याच विसंगतीत आहे. बारोलो शाईसारखी काळी-जांभळी दिसली, तर जाणकार तिचे कौतुक करण्याआधी भुवया उंचावतात.

'डांबर आणि गुलाब' हे वर्णन वाचले. हे शब्द खरोखर तिला लागू पडतात का?

हे वर्णन वापरून वापरून गुळगुळीत झाले असले तरी खोटे नाही. चांगली बारोलो पेल्यात ओतल्यावर प्रथम लालसर फळांचा, विशेषतः चेरी आणि रासबेरीचा, गंध येतो. त्यापाठोपाठ गुलाबाचा, पण टवटवीत फुलाचा नव्हे तर वहीत ठेवून सुकलेल्या पाकळ्यांचा, आणि त्याखाली उन्हात तापलेल्या डांबराचा किंचित काळा, कडसर वास जाणवतो. त्याला ज्येष्ठमधाची जोड असते आणि काही मळ्यांच्या वाइनमध्ये कापरासारखा किंवा पुदिन्यासारखा थंडावाही असतो. वाइन दहा-पंधरा वर्षे मुरली की फळ मागे सरते आणि कातडे, तंबाखू, ओली पानगळ, अळिंबी, तसेच त्याच टेकड्यांतील झाडांच्या मुळांशी सापडणारी पांढरी ट्रफल या कंदासारख्या बुरशीचा मातकट गंध पुढे येतो.

हे सगळे वास एकाच वेळी येतील अशी अपेक्षा मात्र धरू नये. नुकत्याच उघडलेल्या बाटलीतील वाइन बराच वेळ मिटून बसलेली असते आणि तासाभराने तिचे बोलणे बदलते. एकाच पेल्यावर तास-दोन तास रेंगाळण्याची तयारी असेल तरच हे स्थित्यंतर अनुभवास येते. घाईघाईने प्यायलेल्या बारोलोमध्ये डांबर सापडते, गुलाब सापडत नाही.

तोंड कोरडे पडेल इतका तुरटपणा हा दोष नाही का?

आपल्या षड्रसांमध्ये कषाय, म्हणजे तुरट, हा रस गोड आणि आंबटाच्या पंगतीत मानाने बसलेला आहे, आणि म्हणूनच बारोलो समजून घेण्यासाठी लागणारा शब्द मराठी वाचकाला नव्याने शिकावा लागत नाही. जांभूळ, कच्चे केळे किंवा बराच वेळ उकळलेला बिनदुधाचा चहा तोंडात जे करतो, तेच नेब्बिओलोचे टॅनिन करते: लाळेतील प्रथिनांशी ते बांधले जाते, लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होतो आणि जीभ, हिरड्या व गालांची आतील बाजू एकमेकांना घासू लागल्यासारखी वाटते. काटेकोर अर्थाने हा चवीपेक्षा स्पर्शाचा अनुभव आहे.

हा तुरटपणा दोष की गुण, हे त्याच्या पोतावर आणि त्याला मिळणाऱ्या साथीवर ठरते. अपक्व द्राक्षांचे टॅनिन खरखरीत, हिरवट आणि कडवट लागते आणि तो दोषच आहे. पूर्ण पिकलेल्या नेब्बिओलोचे टॅनिन तितकेच जोरकस असले तरी बारीक दळलेले असते, आणि त्याला खणखणीत आम्लतेची साथ मिळते. ही आम्लता नसेल तर वाइन जड आणि मठ्ठ लागेल. टॅनिन नसेल तर ती एखाद्या सरबतासारखी निसटून जाईल. शिवाय याच दोन घटकांमुळे बारोलो वर्षानुवर्षे टिकते. काळाच्या ओघात टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, त्यांतील काही गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतात आणि वाइन मऊ होत जाते. म्हणजे तरुण बारोलोमध्ये जे खटकते, तेच पुढच्या सुखाचे भांडवल असते. ज्याला तुरट चव मुळातच सोसत नाही, त्याने केवळ नावाच्या दबावाखाली ही वाइन आवडून घेण्याची गरज नाही.

नेब्बिओलो हे द्राक्ष इतर देशांत फारसे का लावले जात नाही?

लावून पाहिले गेले आहे, पण त्याची मनधरणी करणे सोपे नाही. नेब्बिओलोचे डोळे वसंतात फार लवकर फुटतात, त्यामुळे उशिरा पडणाऱ्या हिमकडाक्याचा धोका असतो; आणि द्राक्षे पिकतात मात्र सर्वांत शेवटी, परंपरेने ऑक्टोबरच्या मध्याला किंवा त्यानंतर, जेव्हा शरदातल्या पावसाची टांगती तलवार असते. काडीच्या बुडाकडील डोळ्यांना सहसा घड लागत नाहीत, म्हणून छाटणी करताना लांब काडी राखावी लागते आणि वेलाला पुरेशी जागा द्यावी लागते. मातीच्या बाबतीतही ही जात चोखंदळ आहे आणि थोड्याशा अंतरावर तिचा स्वभाव पालटतो.

त्याच्या नावाविषयीही एक गोष्ट सांगितली जाते. इटालियन भाषेत धुक्याला 'नेब्बिया' म्हणतात, आणि काढणीच्या दिवसांत लांगेच्या दऱ्या पहाटे धुक्याने भरलेल्या असतात, म्हणून हे नाव पडले असे बहुतेक जण मानतात. मण्यांवर दाट, धुरकट लव असते आणि धुके म्हणजे तीच, असे दुसरे मत आहे. तेराव्या शतकातील तोरिनोजवळच्या कागदपत्रांत या द्राक्षाचा उल्लेख सापडतो, म्हणजे ते या भूमीत निदान सातशे वर्षे तरी नांदत आहे.

सगळ्या अकरा गावांची बारोलो सारखीच लागते का?

नाही, आणि एकदा बारोलोची गोडी लागलेला माणूस पुढची कित्येक वर्षे याच प्रश्नात अडकून पडतो. ढोबळ विभागणी अशी केली जाते: पश्चिमेकडील ला मोर्रा आणि बारोलो या गावांत मुख्यतः टोर्टोनियन काळातील, म्हणजे सुमारे 1.16 कोटी ते 72 लाख वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेली, निळसर-करडी चुनखडीयुक्त चिकणमाती आहे. तेथील वाइन तुलनेने सुगंधी, मृदू आणि लवकर खुलणारी असते. पूर्वेकडील सेर्रालुंगा दाल्बा आणि मोंफोर्ते दाल्बा येथे त्याहून जुन्या थरांची, कमी सुपीक आणि वालुकाश्म मिसळलेली जमीन आहे. तेथील वाइन आखडलेली, कणखर आणि दीर्घायुषी निघते. कास्तिल्योने फाल्लेत्तो हे गाव भूगोलानेही या दोहोंच्या मध्ये आहे आणि वाइनच्या स्वभावानेही.

ही विभागणी सुरुवातीला उपयोगी पडते, पण तिला वेदवाक्य मानणारा लवकरच फसतो, कारण उताराची दिशा, उंची, वेलांचे वय आणि वाइन करणाऱ्याचा हात यांमुळे शेजारच्या दोन मळ्यांतही जमीन-अस्मानाचा फरक पडतो. उत्तरेकडील वेर्दुनो गावाचा मोन्विल्येरो हा मळा याचे चांगले उदाहरण आहे. तेथील वाइनला पांढऱ्या मिऱ्यासारखा आणि रानफुलांसारखा गंध असतो, आणि गावांच्या ढोबळ गणितातून त्याचा अंदाज मुळीच बांधता आला नसता. बारोलो गावातील कान्नुबी हा लांबट टेकडीवरचा मळा तर सर्वांत जुना कीर्तिमंत मळा मानला जातो. 'कान्नुबी' हे नाव आणि 1752 हे साल असलेली एक बाटली आजही जपून ठेवलेली आहे.

तिला 'वाइनांचा राजा आणि राजांची वाइन' का म्हणतात?

या बिरुदाचा उगम एकोणिसाव्या शतकात पिएमोंतेवर राज्य करणाऱ्या साव्हॉय राजघराण्याच्या दरबारात आहे. त्याआधी लांगेतील नेब्बिओलोची वाइन आजच्यासारखी नव्हती. द्राक्षे उशिरा पिकत, तळघरे थंड असत, आणि रसातील सगळी साखर आंबण्याआधीच थंडीमुळे किण्वन थांबत असे. त्यामुळे वाइनमध्ये गोडवा आणि कधी कधी फेसही राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किण्वन पूर्णत्वास नेऊन कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, आणि साठवणयोग्य वाइन करण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांत दोन नावे ठळक आहेत. पहिले नाव म्हणजे फ्रान्समध्ये जन्मलेली आणि बारोलोच्या शेवटच्या मार्क्विसशी, म्हणजे तेथील सरदाराशी, विवाहबद्ध झालेली जुलिया फाल्लेत्ती. दुसरे नाव म्हणजे ग्रिंझाने गावचा दीर्घकाळ महापौर राहिलेला आणि पुढे 1861 मध्ये एकीकृत इटलीचा पहिला पंतप्रधान झालेला कामिल्लो दी कावूर. या परिवर्तनाचे श्रेय पूर्वी लुई उदार या फ्रेंच व्यापाऱ्याला सरसकट दिले जाई. पण कावूरच्या मळ्यांची व्यवस्था पाहणारे पाओलो फ्रांचेस्को स्तालियेनो यांच्याकडे ते जायला हवे, असे अलीकडच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे.

एक दंतकथाही सांगितली जाते. आपण फाल्लेत्ती घराण्याच्या वाइनविषयी फार ऐकतो पण ती कधी चाखली नाही, असे राजा कार्लो आल्बेर्तो म्हणाला, तेव्हा जुलियाने त्याच्याकडे 325 पिंपे रवाना केली; वर्षातील 365 दिवसांतून ख्रिस्ती उपवासाचे 40 दिवस वजा केले की राहतात तितकी, रोजचे एक. राजाने रोज एक पिंप रिचवले असेल यावर कोणी विश्वास ठेवू नये, पण वजाबाकी अचूक आहे.

'बारोलोचे युद्ध' म्हणजे काय?

1980 च्या दशकात या टेकड्यांवरील उत्पादकांमध्ये पेटलेल्या वादाला हे नाव पडले. जुन्या पद्धतीत द्राक्षांचा रस सालींसकट महिना-दीड महिना मुरत ठेवीत आणि नंतर ती वाइन कित्येक हजार लिटरांच्या, वर्षानुवर्षे वापरलेल्या प्रचंड लाकडी पिंपांत साठवीत. त्यातून निघणारी वाइन तरुणपणी अतिशय कठोर असे, आणि तळघर अस्वच्छ असेल तर तिला कुबट वासही येई. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात फिरून आलेल्या एलिओ आल्तारे यांच्यासारख्या तरुणांनी रस सालींसकट मुरवण्याचा काळ काही दिवसांवर आणला, घडांची विरळणी करून पीक घटवले आणि 225 लिटरांची नवी ओक पिंपे आणली. आल्तारे यांनी वडिलांची जुनी पिंपे साखळी-करवतीने कापून काढली आणि घरात कायमची फूट पडली, ही हकीकत लांगेत सर्वश्रुत आहे. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो यांनी छोट्या पिंपांना आणि बेर्लुस्कोनी या राजकारण्याला एकाच दमात नकार देणारे लेबल स्वतःच्या हाताने रंगवले.

आज हे युद्ध बरेचसे शमले आहे. आधुनिकांनी नव्या ओकचे प्रमाण कमी केले, परंपरावाद्यांनी तळघरे स्वच्छ केली, आणि कमी पीक व पिकलेले टॅनिन या गोष्टी दोघांनीही स्वीकारल्या. तरीही बाजू विचारलीत तर लपवणार नाही: नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा, भाजल्यासारखा वास कोणत्याही द्राक्षावर चढवता येतो, पण सुकल्या गुलाबाचा वास फार थोड्या द्राक्षांना येतो, आणि पहिल्यासाठी दुसरा झाकून टाकणे हा मला तोट्याचा व्यवहार वाटतो.

ती विक्रीला यायला इतकी वर्षे का लागतात?

नियमानुसार बारोलोला काढणीच्या वर्षातील 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने मुरवावे लागते आणि त्यांतील 18 महिने ती लाकडी पिंपात असावी लागते. म्हणजे 2020 च्या द्राक्षांची बारोलो 1 जानेवारी 2024 पूर्वी बाजारात आणता येत नाही. 'रिसेर्व्हा' असे लिहिलेल्या बाटलीसाठी ही मुदत 62 महिन्यांची आहे.

विकत घेतल्यावर आणखी किती वर्षे थांबावे?

काढणीपासून आठ ते दहा वर्षांनी बहुतेक चांगल्या बारोलो खुलू लागतात; मोठ्या मळ्यांच्या आणि जुन्या वळणाच्या वाइन्सना पंधरा-वीस वर्षे दिली तर त्या उपकार विसरत नाहीत, आणि सर्वोत्तम बाटल्या तीस-चाळीस वर्षेही सहज जगतात. साठवणीसाठी 12 ते 14 अंश सेल्सिअसच्या आसपासचे स्थिर तापमान, अंधार आणि आडवी ठेवलेली बाटली आवश्यक आहे. हे जमत नसेल तर थांबण्यात शहाणपण नाही: उष्ण खोलीतल्या कपाटात वाइन मुरत नाही, शिजते.

हंगामाचाही विचार करावा लागतो. 2010 आणि 2016 ही साले समतोल आणि दीर्घायुषी म्हणून वाखाणली गेली आहेत, तर 2003 आणि 2017 ही उष्ण होती. 2014 च्या उन्हाळ्यात पाऊस फार झाला, आणि त्या वर्षीच्या अनेक वाइन्स हलक्या पण सुगंधी निघाल्या. प्रतिष्ठित नसलेल्या सालाची, पण चांगल्या उत्पादकाची बाटली लवकर प्यायला मिळते आणि खिशालाही झेपते, म्हणून नवख्या माणसाने उलट तीच आधी घ्यावी.

बाटलीवरचे लेबल कसे वाचावे?

उत्पादकाचे नाव सर्वांत महत्त्वाचे आहे, मग ते कितीही बारीक अक्षरांत छापलेले असो. त्यानंतर काढणीचे साल पाहावे. मळ्याचे नाव असेल तर ते 2010 पासून लागू झालेल्या अधिकृत यादीतील असते. या यादीत अकरा गावांची नावे धरून 181 नावे आहेत. एकेका मळ्याची वाइन वेगळी बाटलीबंद करण्याची प्रथा मात्र 1960 च्या दशकापासूनची आहे, आणि रेनातो रात्ती या उत्पादकाने पुढच्या दशकात मळ्यांचा नकाशा काढून तिला बळ दिले.

येथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. बर्गंडीमध्ये मळ्यांची श्रेणी कायद्याने ठरलेली असते, तशी बारोलोच्या यादीत नाही. यादी फक्त सीमा आखून देते, चांगले-वाईट ठरवत नाही. मोंफोर्ते दाल्बातील बुस्सिया हे नाव जवळपास 300 हेक्टरांना लागू होते, आणि एवढ्या मोठ्या क्षेत्रातील सगळी जमीन एका तोलाची असणे शक्य नाही. मळ्याचे नाव नसलेली, अनेक मळ्यांची द्राक्षे एकत्र करून केलेली बारोलो कमी प्रतीची असते हाही असाच गैरसमज आहे, कारण जुन्या पिढीतील अनेक जण असे मिश्रण हेच खरे कसब मानीत.

वाढताना कोणती काळजी घ्यावी?

जुनी बाटली असेल तर गाळ तळाशी बसावा म्हणून ती आदल्या दिवशी उभी करून ठेवावी आणि वाइन हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी. तरुण वाइन दोन-तीन तास आधी रुंद भांड्यात ओतून ठेवली तर हवेशी संपर्क येऊन ती मोकळी होते. फार जुनी वाइन मात्र इतका वेळ उघडी ठेवू नये, कारण तिचा नाजूक गंध उडून जातो. तापमान 16 ते 18 अंश असावे. त्याहून थंड असेल तर टॅनिन टोचते, आणि उबदार असेल तर 14 ते 15 टक्क्यांपर्यंत जाणारे अल्कोहोल नाकात चढते. पेला मोठा, फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा व एक तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये.

तिच्याबरोबर काय खावे?

एकटी पिण्यासाठी बारोलो फारशी योग्य नाही; ती जेवणाच्या टेबलावर घडलेली वाइन आहे. टॅनिनला बांधून घेण्यासाठी मांसातील प्रथिने आणि स्निग्धांश मिळाले की लाळेवरचा त्याचा मारा कमी होतो, म्हणून पिएमोंतेत याच वाइनमध्ये तासन्‌तास मंद शिजवलेले गोमांस, शिकार केलेल्या प्राण्यांचे मांस आणि कास्तेल्मान्योसारखे मुरलेले चीज तिच्याबरोबर वाढले जाते. शाकाहारी माणसासाठीही त्याच प्रदेशात उत्तम सोबत आहे: लोण्यात घोळवलेल्या किंवा अळिंबीबरोबर केलेल्या शेवया, अळिंबीचा रिसोत्तो, म्हणजे मऊसर भात, आणि अर्थातच जुने चीज. तेथील ताजारिन नावाच्या शेवयांत अंड्याचा बलक भरपूर असतो, हे अंडे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. शरदात त्यांवर पांढरी ट्रफल किसून घातली की मुरलेल्या बारोलोतील मातकट गंधाला पेल्याबाहेर जोडीदार मिळतो. तिखट पदार्थ टाळावेत, कारण मिरची अल्कोहोलची आग आणि टॅनिनची धार दोन्ही वाढवते. गोड पदार्थांशीही तिचे जमत नाही.

'बारोलो किनातो' ही याच वाइनची एखादी आवृत्ती आहे का?

बारोलोमध्ये सिंकोना झाडाची साल, म्हणजे ज्यापासून क्विनीन मिळते ती, इतर वनौषधी, मसाले आणि साखर घालून केलेले ते कडू-गोड पेय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औषध म्हणून त्याचा प्रसार झाला, आणि सेर्रालुंगाच्या जुझेप्पे काप्पेल्लानो या औषधविक्रेत्याचे नाव त्याच्याशी जोडले जाते. आता ते जेवणानंतर घोट-घोट घेतात आणि चॉकलेटबरोबर ते विशेष खुलते.

बारोलो परवडत नसेल तर नेब्बिओलोची ओळख कशी करून घ्यावी?

युरोपातील दुकानांत साध्या बारोलोलाही साधारण 30 ते 40 युरो मोजावे लागतात आणि ख्यातनाम उत्पादकांच्या बाटल्या शेकडो युरोंच्या घरात जातात. प्रसिद्ध मळ्यांतील जमिनीचा भाव हेक्टरी दहा लाख युरोंच्या वर गेला आहे, तेव्हा वाइन स्वस्त होण्याची आशा धरू नये. त्याऐवजी 'लांगे नेब्बिओलो' या नावाची बाटली घ्यावी. अनेक बारोलो-उत्पादक आपल्या तरुण वेलांची द्राक्षे या वाइनसाठी वापरतात, तिच्यावर दीर्घ मुरवणीचे बंधन नसते, आणि गुलाब व चेरीचा गंध तिच्यात पहिल्या दिवसापासून मोकळा असतो. तानारो नदीपलीकडील रोएरो टेकड्यांची, रेताड जमिनीतील नेब्बिओलोही सौम्य असते.

बार्बारेस्को ही आल्बाच्या ईशान्येकडील शेजारीण त्याच द्राक्षाची आहे. तिची मुरवणीची किमान मुदत 26 महिने आहे. तिला बारोलोची धाकटी बहीण म्हणण्याची प्रथा आहे, पण तिच्या उत्तम मळ्यांची वाइन कोणाच्याही पुढे मान खाली घालत नाही.

हवामान बदलाचा या वाइनवर काय परिणाम होत आहे?

पूर्वी दशकातून तीन-चार वर्षेच नेब्बिओलो पूर्ण पिकत असे. आता जवळपास दरवर्षी पिकते, आणि काढणी कित्येकदा सप्टेंबरअखेरीसच सुरू होते. याचा पहिला परिणाम सुखद झाला: हिरवट, खरखरीत बारोलो दुर्मीळ झाली. पण साखर वाढली की अल्कोहोल वाढते आणि आम्लता घटते, आणि ज्या दक्षिणाभिमुख उतारांवर बर्फ सर्वांत आधी वितळतो म्हणून आजोबांनी ते निवडले, तेच उतार नातवांना उष्ण वर्षांत जड जाऊ लागले आहेत. म्हणून आता पूर्वाभिमुख आणि अधिक उंचीवरील मळ्यांकडे नव्याने पाहिले जाते, वेलांची पाने पूर्वीइतकी खुडली जात नाहीत आणि घडांना सावली राखली जाते.

ही वाइन तिच्या गावात जाऊन पाहायची असेल तर केव्हा जावे?

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने सर्वोत्तम आहेत, कारण तेव्हा वेलांची पाने पिवळी-तांबडी झालेली असतात, आल्बामध्ये पांढऱ्या ट्रफलचा बाजार भरतो आणि दऱ्यांत ते नावाजलेले धुके असते. गर्दीही तेव्हाच सर्वाधिक असते, म्हणून उत्पादकांकडे आधी वेळ ठरवूनच जावे. बहुतेक ठिकाणी वाइन करणारे घरचेच लोक असतात आणि काढणीच्या आठवड्यात त्यांना पाहुण्यांसाठी उसंत नसते. हा सारा द्राक्षभूप्रदेश 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. बारोलोच्या किल्ल्यात वाइनचे संग्रहालय आहे आणि तेथेच क्षेत्रातील वाइन चाखण्याची प्रादेशिक संस्थाही आहे. ला मोर्राच्या माथ्यावरील सज्जातून मात्र एकदा तरी खाली पाहावे: समोर कास्तिल्योनेचा बुरूज, त्यामागे सेर्रालुंगाचा सरळसोट किल्ला, आणि मधल्या प्रत्येक उतारावर वेगळ्या दिशेने वळलेल्या वेलांच्या ओळी दिसतात. गावागावांच्या वाइनमधील फरकाविषयीचे वरचे लांबलचक उत्तर तेथे दोन मिनिटांत डोळ्यांना पटते.